इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यातील नोकरी गेल्यास ईएसआयची रोख मदत : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

कारखान्यातील कामगार कपातीत नोकरी गेलेल्या आणि वेतनातून ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे अंशदान (विम्याचा हप्ता) कापले जाणाऱ्या कामगाराला कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजने’तून रोख मदत मिळू शकते. 2018 मध्ये सुरू झालेली ही मदत जास्तीत जास्त 90 दिवसांची असून आयुष्यात एकदाच मिळते. सरासरी दैनिक वेतनाच्या 25 टक्के असलेला दर 2020 मध्ये 50 टक्के करण्यात आला. मात्र ही वाढ मुदतवाढीवर चालत आल्याने अर्ज करताना लागू असलेला दर ईएसआयच्या शाखा कार्यालयात विचारून घ्यावा. दरमहा 18,000 रुपये वेतन असलेल्या कामगाराला 50 टक्के दराने 90 दिवसांचे सुमारे 26,600 रुपये होतात.

पात्रतेसाठी नोकरी जाण्यापूर्वी किमान दोन वर्षे विमापात्र (ईएसआय लागू असलेली) नोकरी झालेली असावी. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे अंशदानाचे दोन कालखंड असतात. नोकरी जाण्याच्या लगत आधीच्या कालखंडात किमान 78 दिवसांचे, तसेच त्यापूर्वीच्या तीनपैकी एका कालखंडात किमान 78 दिवसांचे अंशदान भरलेले असावे. अर्ज इथे अडू शकतात, विशेषतः कंत्राटी कामगारांचे, कारण कंत्राटदार बदलताना नवा विमा क्रमांक काढला गेला असेल, तर अंशदान दोन क्रमांकांत विभागलेले दिसते. म्हणून अर्जाआधी ईएसआयच्या संकेतस्थळावर आपली नोंद तपासावी.

गैरवर्तनाबद्दल बडतर्फी, सेवानिवृत्ती किंवा स्वेच्छानिवृत्ती यांमुळे नोकरी संपल्यास मदत मिळत नाही. कपातीच्या वेळी कंपनीने पुढे केलेल्या कागदावर नोकरी संपण्याचे कोणते कारण लिहिले आहे, हे वाचल्याशिवाय सही करू नये.

नोकरी गेल्यानंतर 30 दिवसांनी दावा करता येतो. संकेतस्थळावर अर्ज भरून त्याची सही केलेली प्रत, आधार कार्डाची छायाप्रत आणि बँक खात्याचा तपशील (पासबुक किंवा रद्द केलेला धनादेश) शाखा कार्यालयात द्यावा. मालकामार्फत अर्ज पाठवण्याची अट आता नाही, त्यामुळे कंपनीच्या मनुष्यबळ विभागाची वाट पाहत बसू नये. खात्यावरील नाव विमा नोंदीशी जुळत नसेल, तर ती दुरुस्ती आधी करावी, कारण रक्कम थेट खात्यातच जमा होते. मदत सुरू असताना नवी नोकरी मिळाल्यास ती त्या दिवसापासून थांबते.

कारखाना बंद पडल्यामुळे किंवा कायद्यानुसार कपात झाल्यामुळे नोकरी गेली असेल, तर 24 महिन्यांपर्यंत भत्ता देणाऱ्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेची पात्रताही त्याच शाखा कार्यालयात तपासून घ्यावी.