सीएसआर (बेळगाव सीमाभाग)

नफ्यातला ठरावीक हिस्सा कंपनीने समाजोपयोगी कामावर खर्च करण्याची पद्धत; इंग्रजी 'कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी'चे लघुरूप. कागदोपत्री तिला निगमित सामाजिक उत्तरदायित्व म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे सरळ 'सीएसआर'. शाळेत नवे बाक आले, अंगणवाडीला रंग लागला, की 'सीएसआरमधून आलंय' एवढे सांगितले की पुरते. बहुराष्ट्रीय कंपनीचे हे उत्तरदायित्व खरे की देखाव्याचे, हा प्रश्न मात्र उरतो.

भारतात हा खर्च ऐच्छिक नाही. कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. आधीच्या वर्षी ५०० कोटी रुपये निव्वळ मूल्य (मालमत्तेतून देणी वजा करून उरणारे), १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक गाठणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्चायची असते. परदेशी कंपनीची भारतातली शाखाही यातून सुटत नाही. त्यामुळे सत्काराच्या भाषणात या पैशाला 'दान' म्हणणे चूक आहे. बहुराष्ट्रीय कंपनीचे उत्तरदायित्व खरे की देखाव्याचे, हे दिलेल्या रकमेवरून ठरत नाही ते यामुळेच. रक्कम कायद्यानेच ठरवून दिलेली असते.

सीमाभागात हा प्रश्न वेगळ्या जागी टोचतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्र्या (धातूच्या ओतशाळा) आणि मशीन शॉप बहुतेक लहान. त्या या मर्यादेत येत नाहीत. त्यांचे कास्टिंग आणि सुटे भाग ज्या मोठ्या कंपन्या घेतात, त्या येतात. खर्च करताना कंपनीने आपण जिथे काम करतो त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कायदा सांगतो. पण मोठ्या कंपनीचा 'परिसर' म्हणजे तिचा स्वतःचा कारखाना असलेले गाव. भट्टीपुढे उभा राहून मोल्डिंग करणाऱ्या बेळगावच्या कामगाराच्या घामाचा नफा त्या हिशेबात धरला जातो, त्याची वस्ती मात्र धरली जात नाही. या भागासाठी कलमातली सर्वांत मोठी फट हीच आहे.

दुसरी बाजू कारखान्याच्या आतली. बेळगावचा अल्युमिनियम कारखाना जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'इंडाल'च (इंडियन अल्युमिनियम कंपनी) आहे. कॅनडाच्या अल्कन कंपनीचा इंडालमधला हिस्सा २००० मध्ये हिंदाल्कोने घेतला. बॉक्साइटपासून अल्युमिना काढताना कॉस्टिक सोडा वापरतात आणि मागे क्षारयुक्त लाल चिखल उरतो. अशा कोणत्याही उद्योगात त्या चिखलाची नीट व्यवस्था हे गावाप्रती पहिले कर्तव्य. ते सीएसआरमध्ये दाखवता येत नाही, कारण दुसऱ्या कायद्याने मुळातच बंधनकारक असलेले काम आणि केवळ आपल्या कामगारांच्या फायद्याचा खर्च नियमांनी त्यातून वगळला आहे. ठेकेदारी कामगाराचा पीएफ भरला जातो का, हे सीएसआरच्या अहवालात शोधूनही सापडणार नाही.

प्रस्तुत नोंदकाराने खानापूर तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत पाहिलेला वॉटर फिल्टर इथे सांगण्याजोगा आहे. वर कंपनीच्या नावाचा निळा फलक, चकचकीत. झाकण काढले तर आतले कार्ट्रिज मातकट झालेले, तोटी कोरडी. मुले विहिरीवरून आणलेल्या कळशीतून बाटल्या भरत होती. कार्ट्रिज बदलायची जबाबदारी कोणाची, हे ना गुरुजींना माहीत होते, ना शाळा सुधारणा कमिटीला. फिल्टर बसवणारी संस्था फोटो काढून गेली ती पुन्हा फिरकली नाही. पुढच्या वर्षांच्या देखभालीची तरतूद आधी लिहून ठेवणाऱ्या कंपन्याही असतात. त्यांचे काम खरे मानायला हरकत नाही, मग हेतू काहीही असो.

गावच्या युवक मंडळाला हा पैसा थेट मिळणे अवघड. काम करणारी संस्था नोंदणीकृत हवी, आणि ती कंपनीने स्वतः किंवा सरकारने स्थापलेली नसेल तर तिला तीन वर्षांचा अनुभवही लागतो. २०२१ च्या दुरुस्तीने न खर्चलेली रक्कम कंपनीला आपल्या इतर वापरासाठी ठेवता येत नाही, आणि मंजूर प्रकल्पांची माहिती संकेतस्थळावर टाकावी लागते. ती माहिती उघडून शाळेतल्या फिल्टरशी ताडून पाहायला शाळेच्या कमिटीला कोणाची परवानगी लागत नाही.