गॉथिक भूतकथा

गॉथिक भूतकथा म्हणजे घरातल्याच गेलेल्या माणसाच्या भुताची गोष्ट. जुनं घर, एक मृत्यू आणि त्याबद्दल तोंड न उघडणारे नातेवाईक, एवढं सामान पुरतं. साध्या भयकथेत भूत पळालं की सगळे सुटतात, इथे मात्र ते गेलं तर आईच हळहळते, कारण तेवढंच काय ते उरलेलं असतं.

गॉथ ही युरोपातली जुनी जमात, तिचं नाव पुढे मध्ययुगातल्या टोकदार कमानींच्या बांधकामाला चिकटलं आणि तिथून कादंबरीला. होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने १७६४ मध्ये अशी पहिली कादंबरी जुन्या इटालियन पुस्तकाचं भाषांतर आहे असं भासवून छापली, ती चालली तेव्हा १७६५ च्या आवृत्तीत कबूल केलं की बाबा मीच लिहिलीय, आणि खाली 'गॉथिक गोष्ट' असं जोडलं. तिची सुरुवातच घरगुती आहे, ऐन लग्नाच्या दिवशी एकुलता एक मुलगा आभाळातून पडलेल्या अवाढव्य शिरस्त्राणाखाली चिरडून मरतो आणि बाप रडत बसायचं सोडून वंश चालवायला त्याच्याच नवरीशी लग्न करायला निघतो.

मराठीत भयकथा म्हटलं की नारायण धारप (१९२५–२००८) आणि गूढकथा म्हटलं की रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०), ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. पण गॉथिकचा मसाला आपल्याकडे त्याच्याही आधीपासून पडून होता. आपली भुतं बघा, त्यांची ओळखच नात्यावरून, म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेला तो मुंजा, बाळंतपणात गेली ती अळवंत, इच्छा राहिली किंवा मागे कोणी नाही तो समंध. ज्याचं घरातलं काहीतरी अर्धं राहिलं तो भूत. देवघरात पूर्वजांचे चांदीचे टाक असतात, आणि दुसरेपणावर आलेल्या बायकोने पहिलीचा टाक गळ्यात घालायची चाल होती, तो सवतीचा टाक. एवढ्या एका दागिन्यावर अख्खी कादंबरी उभी राहील.

युरोपातल्या गॉथिक गोष्टी जुन्या किल्ल्यात घडतात, त्या किल्ल्याच्या जागी आपल्याकडे वाडा, आणि त्यासाठी जुनं नाशिक आणि पंचवटी यांच्याइतकी सोयीची जागा नाही. दिंडी दरवाजा, चौक, दिवसाही दिवा लावावा लागणारं माजघर, अंधारा लाकडी जिना, बाळंतिणीची खोली, आणि खाली गोदावरी. रामाने दशरथाचं श्राद्ध रामकुंडावर केलं अशी श्रद्धा आहे, म्हणजे या गावाची मुख्य गोष्टच मुळी बापाच्या शेवटच्या क्षणी जवळ नसलेल्या मुलाची. आजही लोक लांबून अस्थी घेऊन इथे येतात. दशक्रियेला पिंड ठेवतात आणि कावळा शिवायची वाट बघतात, तो येत नाही तसं एकेक नातेवाईक पुढे होऊन हात जोडतो, धाकटीचं लग्न आम्ही लावू, वाडा विकणार नाही, आईला सांभाळू, असं गेलेल्या माणसाला मोठ्याने वचन देतो, आणि वर्षभर न बोललेले भाऊ तिथे ऐकत उभे असतात. शेवटी कावळा आलाच नाही तर दर्भाचा करून शिवतात. यापेक्षा चांगला सस्पेन्स मला तरी कुठे दिसलेला नाही, आणि यात भूत दाखवायचीसुद्धा गरज पडत नाही.

चांगली गॉथिक भूतकथा तेवढंच करते, भूत खरंच आहे की शोकाने डोकं फिरलंय हे शेवटपर्यंत सांगत नाही. मांत्रिक, लिंबू, बाहुली वगैरे आलं की ती घसरते, असं माझं मत.

आता वाडे पावसात पडतायत किंवा पाडले जातायत, काही भाऊबंदकीत कुलूप लावून पडलेत. फ्लॅटमध्ये भुताला जागाच कुठाय असं लोक म्हणतात, पण लाईटबिल अजून वारलेल्या आजोबांच्याच नावाने येत असतं, आणि ते बदलायला जायला घरातलं कोणी तयार नसतं.