मंडळ वेगळं, देवस्थान वेगळं

कोकणातल्या कितीतरी गावांत ग्रामविकास मंडळाचा अध्यक्ष तोच देवस्थानचा विश्वस्त, खजिनदारही तोच आणि दोन्हींची दफ्तरं एकाच कपाटात. त्यामुळे गावाला दोन्ही एकच वाटतात. न्यासांची नोंद ठेवणाऱ्या धर्मादाय कार्यालयाला तसं वाटत नाही.

ओळखायचं कसं? पावतीपुस्तक बघा. मंडळाच्या पावतीवर सहसा दोन क्रमांक असतात: एक 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखालचा, दुसरा 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखालचा, ‘एफ’वाला. देवस्थान न्यासाचा एकच, ‘ए’वाला.

खरी भांडणं होतात ती मताच्या हक्कावरून. मंडळ सभासदांचं. सर्वसाधारण सभा मंडळाच्या घटनेप्रमाणे कार्यकारिणी निवडते. मात्र वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकलेल्या सभासदाला 1860 चा कायदा मत देऊ देत नाही. शिमग्याला किंवा मे महिन्यात मुंबईहून येऊन सभा गाजवणाऱ्या कितीजणांना हे माहीत असतं, देव जाणे!

देवस्थानात सभासद नसतात, भाविक असतात. विश्वस्त कसे नेमायचे हे न्यासाच्या घटनेत किंवा धर्मादाय कार्यालयाने ठरवून दिलेल्या योजनेत लिहिलेलं असतं. त्यात ग्रामस्थांच्या सभेचा उल्लेख असेल तरच देवळातल्या बैठकीत वर झालेल्या हातांना अर्थ. नसेल तर गावाने एकमताने निवडला तरी तो विश्वस्त होत नाही. पण म्हणून भाविक अगदीच हतबल नाही. कायदा त्याला हितसंबंधित व्यक्ती मानतो, त्यामुळे कारभाराविरुद्ध दाद मागायला तो जाऊ शकतो.

मानकऱ्यांचं आणखी निराळं. पालखीचा मान पिढ्यान्‌पिढ्या एखाद्या घराकडे असेल, पण त्या मानाने बँकेच्या चेकवर सही करायचा अधिकार येत नाही. उलट विश्वस्त झाला म्हणून कुणी पालखीचा मानकरी होत नाही. ही गल्लत मिटली तर माझ्या मते निम्मे वाद देवळाच्या पायरीवरच संपतील.

पैशाचंही तसंच. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी गोळा केलेली रक्कम शाळेच्या छपराला ‘तात्पुरती’ वळवणं हेतू कितीही चांगला असला तरी चालत नाही. माणसं तीच असली तरी न्यास दोन आहेत. आणि निव्वळ धार्मिक न्यासाच्या पावतीवर देणगीदाराला सहसा 80जीची, म्हणजे देणगीवरची प्राप्तिकर सवलत मिळत नाही, हे मुंबईकरांना आधीच सांगावं.

हिशेब आणि बदल अर्जातून मात्र दोघांचीही सुटका नाही. विश्वस्त किंवा पदाधिकारी बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा. हार घालून फोटो निघतो, अर्ज राहतो. मग परिशिष्ट 1 वर, म्हणजे न्यासाच्या नोंदीच्या उताऱ्यावर, वारलेल्या माणसांची नावं तशीच, आणि बँक नेमका तोच कागद मागते.

जमिनीलाही नियम एकच. न्यासाची जागा विकायची असेल, शेतजमीन दहा वर्षांहून किंवा बिगरशेती जागा वा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. किनाऱ्यालगतच्या देवस्थान जमिनीवर रिसॉर्टवाल्यांचा डोळा असतो. त्यांच्या करारनाम्याला ग्रामसभेचा ठराव जोडला, म्हणून ती परवानगी मिळाली असं होत नाही.