गर्भ–अपरा एकक

मानवी गरोदरपणात गर्भ आणि अपरा (वार) मिळून स्टेरॉइड हॉर्मोने तयार करणारी यंत्रणा. दोघांपैकी कोणाकडेच एंझाइमांचा पूर्ण संच नसतो. एकाकडे अडलेली प्रक्रिया दुसऱ्याकडे पुढे सरकते. अपरेतील प्रोजेस्टेरॉन (गरोदरपण टिकवणारे हॉर्मोन) मुख्यतः आईच्या रक्तातील कोलेस्टेरॉलपासून बनते, म्हणून काही अभ्यासक ‘माता–गर्भ–अपरा एकक’ म्हणतात. ही संज्ञा अधिक नेमकी आहे; रूढ मात्र जुनीच आहे.

संकल्पनेची मांडणी साधारणपणे १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली असून तिचे श्रेय स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील एगॉन डिट्सफालुसी यांना दिले जाते. तिचे धागे त्याआधीचे आहेत. मेंदू व कवटीचा वरचा भाग न बनलेल्या गर्भांत अधिवृक्क ग्रंथीच्या (मूत्रपिंडावरील हॉर्मोन ग्रंथी) बाह्यकाचा, म्हणजे बाहेरच्या थराचा, गर्भीय पट्टा (गर्भावस्थेपुरता असणारा भाग) खुरटलेला असतो, असे वर्णन एलियट व आर्मर यांनी १९११ मध्ये केले होते. असा गर्भ वाढवणाऱ्या स्त्रियांच्या लघवीत एस्ट्रिऑल (इस्ट्रोजेन गटातील एक स्त्री-हॉर्मोन) फार कमी आढळते, हे फ्रान्सन व स्टाकेमान यांनी १९६१ मध्ये दाखवले. दोन्ही निरीक्षणे शेजारी ठेवली, की एस्ट्रिऑलचा उगम गर्भाच्या अधिवृक्काकडे आहे हे उघड होते.

गर्भीय पट्टा ग्रंथीचा बहुतांश भाग व्यापतो आणि डीएचईए-सल्फेट हे इस्ट्रोजेनसाठी लागणारे कच्चे स्टेरॉइड तयार करतो. गर्भाच्या यकृतात त्यावर १६-आल्फा हायड्रॉक्सिलीकरण होते, म्हणजे रेणूच्या १६व्या कार्बनला हायड्रॉक्सिल गट जोडला जातो. अपरा सल्फेट काढते आणि अ‍ॅरोमाटेज या एंझाइमाच्या साहाय्याने एस्ट्रिऑल बनवते. १७-आल्फा हायड्रॉक्सिलेज हे एंझाइम अपरेत जवळजवळ नसल्याने प्रोजेस्टेरॉनपासून थेट इस्ट्रोजेनकडे जाणारी वाट तिला बंद असते.

गर्भातील कॉर्टिसॉल या अधिवृक्क हॉर्मोनाचा उगम मात्र वादाचा राहिला आहे. गर्भीय पट्ट्यात ३-बीटा हायड्रॉक्सिस्टेरॉइड डिहायड्रोजनेज हे प्रोजेस्टेरॉन बनवणारे एंझाइम अत्यल्प असते; त्यामुळे अपरेतून आलेले प्रोजेस्टेरॉन वापरूनच कॉर्टिसॉल बनते, असे जुने मत होते. २००६ मध्ये गोतो, हॅन्ली व सहकाऱ्यांनी पहिल्या तिमाहीत हे एंझाइम अधिवृक्कात काही काळ प्रकट होते आणि कॉर्टिसॉल तिथेच बनते, असा पुरावा मांडला. त्या काळात या कॉर्टिसॉलमुळे एसीटीएच (अधिवृक्काला चालना देणारे हॉर्मोन) दबल्याने स्त्रीगर्भ अतिरिक्त अँड्रोजेनपासून (पुरुषी हॉर्मोनांपासून) वाचतो, असा त्यांचा अर्थ आहे. मधल्या महिन्यांत एंझाइम पुन्हा मावळते. त्या काळापुरते जुने मत पूर्णपणे सोडून देता येत नाही.

आईचे बरेचसे कॉर्टिसॉल अपरा निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये बदलते. डेक्सामेथासोन व बीटामेथासोन ही कॉर्टिसॉलसारखी कृत्रिम औषधे या बदलाला बऱ्याच अंशी दाद देत नाहीत. म्हणूनच अकाली प्रसूतीच्या धोक्यात बाळाच्या फुप्फुसांसाठी ती आईला देतात (लिगिन्स व होवी, १९७२).

गर्भाच्या प्रकृतीचा अंदाज घेण्यासाठी एकेकाळी आईच्या चोवीस तासांच्या लघवीतील एस्ट्रिऑल मोजत. अपरेत सल्फेटेज (सल्फेट काढणारे एंझाइम) नसले तर ते निरोगी गर्भातही घटते. अशा मुलग्यांत पुढे खवल्यांची त्वचा (इक्थिओसिस) दिसते.

जन्मानंतर गर्भीय पट्टा झपाट्याने झिजतो. त्याची स्टेरॉइडे काही काळ रक्तात राहतात आणि नवजात बाळांतील जन्मजात अधिवृक्क विकार शोधण्यासाठी होणाऱ्या १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनच्या तपासणीत खोटी वाढ दाखवू शकतात. अकाली जन्मलेल्या बाळांत हे अधिक घडते, म्हणून त्यांच्यासाठी गर्भकाळानुसार वा वजनानुसार वेगळ्या मर्यादा ठेवतात.