लोखंड न खाणारी लोखंडी गोगलगाय

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर परवा एक व्हिडिओ फिरत होता. ‘समुद्राच्या तळाशी सापडली लोखंड खाणारी गोगलगाय, बंदुकीची गोळीही आरपार जात नाही!’ खाली हात जोडणाऱ्यांची रांग. गोगलगाय खरी आहे. खाणं आणि गोळी, दोन्ही थापा.

तिचं नाव क्रायसोमॅलॉन स्क्वामिफेरम. हिंदी महासागरात कैरेई या ठिकाणी, सुमारे अडीच किलोमीटर खोलीवर, २००१ मध्ये ती पहिल्यांदा सापडली. रीतसर नामकरण व्हायला २०१५ उजाडलं. आकार जेमतेम चार-साडेचार सेंटिमीटर, आणि पायावर एकावर एक चढलेले काळे खवले.

तिथे ऊन पोचत नाही. समुद्रतळाच्या भेगांतून कढत पाणी उसळतं, त्यात विषारी हायड्रोजन सल्फाइड आणि विरघळलेलं लोखंड असतं. गोगलगाय खाण्याच्या फंदात फारशी पडतच नाही. तिच्या अन्ननलिकेची ग्रंथी बेसुमार वाढलेली असते आणि तीत जिवाणू राहतात. ते हायड्रोजन सल्फाइडचं ऑक्सिडीकरण करून ऊर्जा मिळवतात आणि त्यातून जे सेंद्रिय अन्न तयार होतं, त्यावर ही बाई जगते. या भाडेकरूंना रसद पुरवायला तिचं हृदयही भलंमोठं, शरीराच्या आकारमानाच्या सुमारे ४ टक्के.

आता खरी गंमत. या व्यवहारात गंधक साठत जातं आणि त्याचा निचरा करावाच लागतो. आपल्या कोयलीच्या रिफायनरीलाही कच्च्या तेलातलं गंधक काढून टाकावं लागतं, तसंच. जपानमधल्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये दाखवलं की प्रत्येक खवल्याच्या आत अतिसूक्ष्म उभ्या नळ्या असतात. त्यांतून गंधक बाहेरच्या बाजूला येतं. उलट दिशेने, समुद्राच्या पाण्यातून, लोखंडाचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, खवल्यात झिरपतात. दोघांची गाठ पडली की तिथेच आयर्न सल्फाइडचे नॅनोकण बनतात: काही पायराइट, म्हणजे एका लोहअणूमागे दोन गंधकअणू, आणि काही ग्रेगाइट, तीन लोहअणूंमागे चार. ग्रेगाइट चुंबकीय असतं. भट्टी नाही, काही नाही; सगळं त्या कढत झोताबाहेरच्या, मानाने थंड पाण्यात.

लोखंड पाण्यातूनच येतं हे कशावरून? सॉलिटेअर नावाच्या दुसऱ्या ठिकाणी पाण्यात लोखंड कमी आहे. तिथली हीच प्रजाती पांढरीफटक निघाली.

याच पायराइटची ब्रेसलेटं हल्ली ‘धनप्राप्ती’साठी विकली जातात. धनप्राप्ती होते खरी, विकणाऱ्याला.

गोळीची थाप बहुधा २०१० च्या एका अमेरिकी अभ्यासातून निघाली असावी. शंखाला तीन थर असतात: बाहेर आयर्न सल्फाइड, मध्ये जाड मऊ सेंद्रिय थर, आत कॅल्शियम कार्बोनेट. बाहेरच्या थराला बारीक तडे जातात आणि मधला थर धक्का पचवतो. हे तपासलं होतं ते हिऱ्याच्या सूक्ष्म टोकाने दाबून आणि संगणकावर. बंदूक कोणी आणली नव्हती. खेकड्याच्या नांगीपुरतं हे चिलखत पुरे.

माणसापुढे ते टिकेल असं दिसत नाही. त्या गरम झऱ्यांभोवती साचलेल्या सल्फाइडमध्ये तांबं, जस्त, सोनं असतं. म्हणून २०१९ मध्ये ही गोगलगाय आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ‘धोक्यात’ या वर्गात गेली, खोल समुद्रातल्या खाणकामाच्या भीतीने तिथे गेलेली पहिलीच प्रजाती. कैरेई जर्मनीच्या शोध-परवान्याच्या हद्दीत येतं. भारतानेही २०१६ मध्ये याच महासागरात १०,००० चौरस किलोमीटरवर सल्फाइडच्या शोधासाठी १५ वर्षांचा करार केला आहे. करार शोधाचा आहे, उत्खननाचा नाही. उत्खननाचे आंतरराष्ट्रीय नियम अजून ठरायचेत.