छोटा बटाटा (उष्ण हवामानातील लागवड)

सालीसकट अख्खा शिजवण्यासाठी मुद्दाम लहान आकारात काढलेला बटाटा. बाजारात 'बेबी बटाटा'. व्यास साधारण २५ ते ४५ मिमी. मोठ्या पिकाच्या प्रतवारीत खाली उरलेला बारीक माल म्हणजे हा बटाटा नव्हे. तो उरलेला माल वेडावाकडा, जाड सालीचा असतो आणि एका भांड्यात एकसारखा शिजत नाही.

बटाट्याला दिवसाच्या उन्हापेक्षा रात्रीचा उकाडा जास्त बाधतो. रात्री १५ ते १८ अंश सेल्सियस असताना कंद चांगले धरतात. २२ च्या वर झाड नुसता पाला वाढवते. माती ३० अंशांवर गेली की कंद फुगणे जवळपास थांबते. म्हणून लागवडीनंतरचा ३० ते ४५ दिवसांचा काळ, म्हणजे कंद धरण्याचा, सर्वांत थंड रात्रींत येईल असा हिशेब धरतात. पीक ६५ ते ७५ दिवसांत निघत असल्याने थंडीचा छोटा हंगामही त्याला पुरतो.

आकार ठरतो तो खोडांच्या संख्येवर. ६० × २५ सेंमी अंतरावर (दोन ओळींत ६०, दोन झाडांत २५) दर चौरस मीटरला सुमारे ७ बेणी, म्हणजे लावायचे कंद, बसतात, ६० × १५ वर ११. प्रत्येकी ३ खोडे धरली तर २० ऐवजी ३३ खोडे होतात. कंद वाढतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला अन्न कमी येते. बेणे ३० ते ४० ग्रॅमचे, अख्खे घ्यावे. कापलेली फोड गरम मातीत सडते. शेंड्याचा पहिला कोंब एकदाच खुडला की बाकीचे डोळे जागे होतात. थेट ऊन न लागता, पसरलेल्या उजेडात बेणे ठेवल्यास कोंब आखूड, जाड, हिरवे येतात. वारंवार खुडलेल्या बेण्याला मात्र केसासारखे कोंब फुटतात. ते लावू नये.

नत्र उशिरा दिल्यास कंद धरणे लांबते. पाणी हलके पण वरचेवर द्यावे. कंद धरताना माती सुकली तर खवड्या (सालीवर खरबरीत डाग आणणारा रोग) पडतो, आणि साल खायची असल्याने असा माल कुणी घेत नाही. ताण देऊन एकदम भरपूर पाणी दिले, त्यात ऊन वाढले, की कंदाला गाठी येतात किंवा त्यालाच दुसरा कंद फुटतो. पेंढ्याच्या आच्छादनाने माती थंड राहते. वरंब्याच्या भेगा वेळीच बुजवाव्यात: त्यातून उजेड शिरून कंद हिरवे, कडू होतात आणि पाकोळी (बटाट्यावरचा पतंग) कंदाच्या डोळ्यांपाशी अंडी घालते.

पंचावन्नाव्या दिवसापासून दर तीन-चार दिवसांनी निरनिराळ्या ओळींतली चार-पाच झाडे उपटून कंद मोजावेत. या टप्प्यावर कंद झपाट्याने फुगतात. आठवडाभराची चालढकल माल साध्या बटाट्यात जमा करते. बहुतेक कंद हव्या मापाच्या जरा अलीकडे असतानाच पाला जमिनीलगत कापावा. मग ८ ते १० दिवस थांबावे. अंगठ्याने चोळून साल सुटेनाशी झाली की काढणी करावी. अगदी कोवळा, साल सुटणाराच माल हवा असेल तर लगेच काढून त्याच दिवशी पाठवावा. गरम मातीत जास्त दिवस ठेवल्यास कुज लागते.

काढणी सकाळी, वाफशावर (माती ओलसर पण चिकट नसताना) करावी. उन्हात ढीग घातल्यास आतला भाग प्राणवायूअभावी काळा पडतो, बाहेरून ते कळतही नाही. पातळ सालीतून पाणी लवकर उडते, म्हणून माल सावलीत, उथळ क्रेटमध्ये ठेवावा. ४ अंशांखालच्या शीतगृहात स्टार्चची साखर होते आणि तळताना बटाटा काळपट पडतो.