रिस्क ओएस आणि मोठ्या यूएसबी डिस्क

रिस्क ओएस ही केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने आर्म प्रोसेसरसाठी घडवलेली ऑपरेटिंग सिस्टिम. १९८७ साली आर्किमिडीज संगणकावर ती ‘आर्थर’ या नावाने आली आणि १९८९ मध्ये रिस्क ओएस २ झाली. आज ती मुख्यतः रास्पबेरी पायवर भेटते. पाचव्या मालिकेचा सोर्स कोड २०१८ पासून अपाचे परवान्याखाली खुला आहे. लहान पेन ड्राइव्ह तिच्यात सहज चालतो. अडचण येते ती २५६ जीबीच्या पुढे.

तिचे मूळ फाइलकोअर या, डिस्कवरील फाइलींची मांडणी सांभाळणाऱ्या मॉड्यूलमध्ये आहे. फाइलकोअर डिस्कवरील जागेचा पत्ता ३२ बिटांत लिहिते, पण त्यातले वरचे ३ बिट ड्राइव्हच्या क्रमांकाला जातात : ० ते ३ फ्लॉपी, ४ ते ७ हार्ड डिस्क. पत्त्याला उरतात २९ बिट. सुरुवातीला हा पत्ता बाइटांत मोजला जाई, त्यामुळे डिस्कची कमाल मर्यादा ५१२ एमबी होती. रिस्क ओएस ३.६ पासून (१९९५ च्या सुमारास) तो सेक्टरांत, म्हणजे डिस्कवरील ठरावीक आकाराच्या तुकड्यांत, मोजला जाऊ लागला. ५३,६८,७०,९१२ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट, म्हणजे नेमके २५६ जीबी.

हे ३ बिट आले कुठून? चार फ्लॉपी आणि चार हार्ड डिस्क या सोयीच्या वाटणीतून, असे सहज म्हणता येईल. परंतु बीबीसी मायक्रो या एकॉर्नच्याच आधीच्या संगणकावरील आठ-बिटी एडीएफएस ही फाइल व्यवस्था पाहिली तर दुसरे उत्तर अधिक पटते. तिथेही ड्राइव्हचा क्रमांक पत्त्याच्या सर्वांत वरच्या ३ बिटांतच बसतो. त्या काळच्या सासी-स्कझी (हार्ड डिस्क जोडण्याच्या पद्धती) हार्ड डिस्कच्या सहा बाइटी आज्ञेची रचना हीच होती : ३ बिट उपकरणाचे, २१ बिट ब्लॉकच्या पत्त्याचे. २५६ बाइटांच्या सेक्टरने गुणल्यास इथेही ५१२ एमबीच येतात. हा निव्वळ योगायोग नसावा. एकॉर्नने डिस्क चालवणाऱ्या कंट्रोलरची भाषाच पत्त्याची भाषा केली आणि ती पुढच्या यंत्रांत वारशाने गेली, असे मानणे सयुक्तिक वाटते. (१९८४ च्या ‘क्लास’ प्रकल्पातून भारतीय शाळांत पोहोचलेला संगणक हाच बीबीसी मायक्रो.)

यूएसबी आले ते या रचनेच्या वरच. कॅसल कंपनीच्या आयोनिक्स संगणकाबरोबर (२००२) आलेला यूएसबी स्टॅक (यूएसबी हाताळणारे सॉफ्टवेअर) नेटबीएसडी या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर बेतलेला आहे. त्यावरचे स्कझीसॉफ्टयूएसबी हे मॉड्यूल पेन ड्राइव्हला स्कझी डिस्कच्या रूपात पुढे करते, स्कझीएफएस तिला ड्राइव्ह क्रमांक देते आणि फाइलकोअर आराखडा सांभाळते. केबल नवी असली तरी शेवटी गाठ पडते ती त्याच २९ बिटांशी. म्हणून ५१२ बाइटांचे सेक्टर कळवणारी १ टीबीची डिस्क एचफॉर्म या फॉरमॅट करणाऱ्या प्रोग्रॅमने फॉरमॅट केली तरी फाइलकोअरला तिचा पाव भागच वापरता येतो. डिस्क ४०९६ बाइटांचे सेक्टर कळवत असेल, तर अलीकडच्या फाइलकोअरमध्ये हीच मर्यादा २ टीबीपर्यंत जाते. पत्त्याची लांबी न वाढवता मोजमाप मोठे करण्याची ही युक्ती १९९५ चीच आहे, आणि आजही ती कामाला येते हे त्या मूळ उपायाचे मोठे यश मानावे लागेल.

मोठ्या डिस्कची दुसरी किंमत लहान फाइली मोजतात. फाइलकोअरच्या जुन्या ‘न्यू मॅप’ आराखड्यात डिस्कवरील जागेच्या तुकड्याचा क्रमांक जास्तीत जास्त १५ बिटांचा असे. त्यामुळे डिस्क मोठी झाली की जागावाटपाचे एकक फुगे आणि चार ओळींची चिठ्ठीसुद्धा बरीच जागा अडवी. रिस्क ओएस ४ (१९९९) मधील ई+ आराखड्याने हा क्रमांक लांबवला आणि एका डिरेक्टरीत ७७ नोंदी ही जुनी अटही काढली. फाइलची लांबी मात्र ३२ बिटांतच राहिली. ४ जीबीहून मोठी एक फाइल त्यात मावत नाही.

दुसऱ्या संगणकांशी देवाणघेवाणीसाठी फॅट (विंडोजमध्ये चालणारा आराखडा) डिस्क डॉसएफएस या मॉड्यूलमधून वाचता येते. रिस्क ओएसमध्ये पथाचे घटक टिंबाने वेगळे होतात, म्हणून विंडोजवरची ‘रीडमी.टीएक्सटी’ इथे ‘रीडमी/टीएक्सटी’ अशी दिसते. उलट दिशेने पाठवताना रिस्क ओएस फाइलीसोबत ठेवते तो १२ बिटी प्रकार-क्रमांक हरवू शकतो, तेव्हा ती आधी झिप केलेली बरी. डिस्क उपसण्यापूर्वी आयकॉन बारवरील मेनूतून ‘डिसमाउंट’ करावे लागते.